गेलेले आणि राहिलेले

"मग मूळ भाषा कोणाची, आखू? राहिलेल्यांची, की गेलेल्यांची?"

आखू शेरब यांनी मान वर केली नाही. चौकटीत ताणलेल्या कापडावर एका ढगाची कड अर्धी झाली होती. कुंचल्याचे टोक त्यांनी ओठांत धरून बारीक केले आणि उरलेली कड पूर्ण केली.

"राहिलेले कोण?" त्यांनी विचारले.

"तुम्ही."

"आणि गेलेले?"

"आम्ही."

"बरं," आखू म्हणाले, आणि त्यांनी दुसरा ढग सुरू केला.

प्रश्न बोनान भाषेत होता. उत्तर चिनी भाषेत.

तीन दिवस हे असेच चालले होते.

वायव्य चीनमधल्या रेबगोंगच्या खोऱ्यातील त्या गावात वडीलधाऱ्या माणसाला 'आखू' म्हणतात, म्हणजे काका. आखू शेरब पंचाहत्तरीचे होते. बुद्धाची पटचित्रे रंगवण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. समोर बसलेला सालेह सत्तावीस वर्षांचा होता, मुसलमान होता, आणि बसने एका दिवसाच्या अंतरावर, ह्वांग-हो नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या बोनान वस्तीतून आला होता. विद्यापीठात तो भाषाशास्त्र शिकत होता. प्रबंध अखेरच्या टप्प्यात होता.

दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी दोघांचे पूर्वज याच खोऱ्यात राहत. मग मुसलमान झालेली घराणी नदीच्या कडेने खाली गेली आणि बौद्ध घराणी इथेच राहिली. कारण म्हणून कोणी पाटाच्या पाण्यावरचे भांडण सांगतात, कोणी धर्म सांगतात. दोन्हीकडच्या आठवणी जुळत नाहीत. सरकारी कागदांत आज हे दोन वेगळे समाज आहेत. भाषा मात्र अभ्यासक एकच मानतात.

सालेहच्या वहीत दोनशे शब्दांची यादी होती. प्रत्येक शब्दापुढे दोन रकाने. 'गेलेले' हा रकाना त्याच्या आजीने, हलीमाने, एका हिवाळ्यात भरून दिला होता. पाणी, हाड, रात्र, गुडघा, राख... एकही जागा सुटलेली नव्हती.

'राहिलेले' हा रकाना रिकामा होता.

उद्या सकाळी परतीची बस होती. दुसरा रकाना भरल्याशिवाय मंगोलिक भाषांत बोनानचे नेमके स्थान ठरवता येणार नाही, असे मार्गदर्शकांनी बजावले होते. आणि स्थान ठरल्याशिवाय प्रबंध नव्हता.

पहिल्याच दिवशी त्याने ध्वनिमुद्रणाचे यंत्र आखूंसमोर ठेवले होते. आखूंनी ते हाताने हलकेच बाजूला सरकवले होते.

"ती घरची भाषा आहे," ते म्हणाले होते. "पाहुण्याशी पाहुण्याची भाषा बोलावी. नाहीतर पाहुण्याला वाटतं, आपण त्याच्याविषयीच काही बोलतो आहोत."

"पण ती माझीही भाषा आहे, आखू."

"असेल," आखू म्हणाले होते. चिनीत.

.

आज सालेहने शेवटचा प्रयत्न म्हणून आपला तक्ता जमिनीवर पसरला.

वर मंगोलिक भाषांचे खोड होते. त्यातून रेषा फुटत होत्या. एक ठळक रेषा उत्तरेच्या गवताळ प्रदेशातील मंगोल भाषेकडे जात होती. दक्षिणेची रेषा बारीक होती. ती दोंगशियांग, 'तू', कांगजिया अशा लहान भाषांपाशी जाऊन संपत होती. त्यांच्याच शेजारी, कागदाच्या अगदी कडेला, बोनान.

आखूंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि तक्ता बराच वेळ पाहिला.

"झाड आहे का हे?"

"भाषांची वंशावळ."

"खाली काही नाही."

"कशाच्या खाली?"

"झाडाच्या. माती नाही, पाणी नाही, दगड नाही. मी असं झाड काढलं असतं तर माझ्या गुरूंनी कुंचला काढून घेऊन मला शेण गोळा करायला पाठवलं असतं."

"हे चित्र नाही, आखू. कोणाचं कोणाशी काय नातं, एवढंच यात दाखवायचं असतं."

"आणि या ठळक रेषेवरचे लोक बोलले, तर तुला कळतं?"

"नाही," सालेह म्हणाला. "सुटे शब्द ओळखू येतात. बोलणं कळत नाही."

"त्यांना तुझं?"

"नाही."

"छान नातं आहे."

दारात बसून जवस निवडणारी ल्हामो खुदकन हसली. ती आखूंची थोरली मुलगी. घर तीच पाहत असे.

सालेहने तक्त्याच्या कडेला बोट ठेवले. "आपण इथे आहोत. पण रेषा इथे थांबत नाही. तिला दोन फाटे द्यायचे आहेत. एक तुमचा, एक आमचा. कोणता सरळ गेला आणि कोणता वळला, तेवढं ठरायचं आहे."

"वळला त्याला काय म्हणता?"

"मिश्र म्हणतात."

"तोंडावर?"

सालेहने तक्त्यावरचे बोट उचलले.

"तुमच्या बोलीत तिबेटी फार आहे, असं ग्रंथांत म्हटलं आहे," तो म्हणाला.

"चहूबाजूंनी तिबेटी आहेत. भिजणारच."

"आमच्या बोलीत चिनी आहे. मी नाकारत नाही. पण माझ्या आजीनं दोनशेपैकी दोनशे शब्द सांगितले. इथे मला तीन दिवसांत एक शब्द मिळाला नाही." त्याचा आवाज चढला. त्यालाही ते जाणवले, पण त्याने तो उतरवला नाही. "लोक म्हणतात, भाषा पाहुण्यापासून जपून ठेवली आहे. मला वाटतं, जपून ठेवायला काही उरलेलंच नाही. तुम्ही विसरला आहात, आखू. आणि ते सांगायची लाज वाटते, म्हणून चिनी बोलता."

ल्हामोचे हात सुपात थांबले.

आखूंनी कुंचला पाण्यात बुडवला, पुसला आणि आडवा ठेवला.

"हे तू लिहिणार?"

"'राहिलेल्यांकडे भाषा लोप पावली असण्याची शक्यता आहे,' असं लिहीन. अगदी जपून लिहीन."

"जपून," आखू म्हणाले.

मग ते उठले. कोनाड्यातून त्यांनी काहीतरी काढले आणि सालेहच्या वहीवर ठेवले.

ते त्याचेच यंत्र होते.

"काल स्वयंपाकघराच्या खिडकीत राहिलं होतं तुझं. लाल डोळा उघडा होता. मी मिटवला."

सालेहच्या कानशिलांपर्यंत रक्त चढले.

ते विसरून राहिले नव्हते. काल दुपारी ल्हामो आणि शेजारीण आत कणीक मळत होत्या. भिंतीपलीकडून येणारे बोलणे तिबेटी नव्हते, चिनी नव्हते. सालेह आत गेला की थांबायचे, बाहेर आला की पुन्हा सुरू व्हायचे. तिसऱ्या खेपेस तो बाहेर आला, तेव्हा यंत्र खिडकीत ठेवूनच आला होता.

"त्यात काय आहे?" आखूंनी विचारले.

"बोलणं."

"कळतं तुला?"

सालेहने होकारार्थी मान हलवली. कालपासून तो यंत्र हरवल्याचे सोंग करत होता, हेही एव्हाना सगळ्यांना कळून चुकले होते. पण खिडकीखाली उभे राहून जे ऐकले, ते त्याला शब्दन् शब्द कळले होते.

"काय बोलत होत्या?"

"...माझ्याविषयी."

"काय?"

"म्हणत होत्या, उंट आला आहे. स्वतःचं पाणी स्वतःच्या पाठीवर घेऊन."

ल्हामोने बाहीने तोंड झाकले, पण हसू आवरले नाही. "चुकलं असेल तर माफ कर भाऊ," ती म्हणाली. "पण तीन दिवस झाले, तू त्या थर्मासला सोडत नाहीस."

खरे होते. तो निघताना आजीने थर्मास भरून दिला होता आणि रोट्या बांधून दिल्या होत्या. परक्या चुलीवरच्या भांड्यात काय शिजले असेल सांगता येत नाही, म्हणून. पाणी तो रोज सकाळी बाजारातल्या मुसलमान खानावळीतून भरून आणत असे. या घरी चहा पुढे आला की तो छातीवर हात ठेवून नम्रपणे नको म्हणे. तिसऱ्या दिवशी ल्हामोने चहा पुढे करणे सोडून दिले होते.

आज थर्मास दुपारीच रिकामा झाला होता. रोट्या सकाळी संपल्या होत्या.

"यातून रकाना भरेल?" आखूंनी यंत्राकडे बोट दाखवले.

सालेहने हिशेब आधीच केला होता. "सगळा नाही. पण तीस-चाळीस शब्द नक्की निघतील. तेवढे पुरतील."

"मग लोप पावली, असं लिहावं लागणार नाही."

"नाही."

"मग घेऊन जा."

आखू पुन्हा चौकटीसमोर बसले. त्यांनी निळा रंग घोटायला घेतला. बत्ता खलात गोल फिरत राहिला.

सालेह यंत्र हातात धरून बसला.

ते नेले, तर प्रबंध पूर्ण होत होता. नाही नेले, तर एकच खरे वाक्य लिहिण्यासारखे उरत होते, की कोणी आपल्याशी बोलले नाही. अशा वाक्यावर पदवी मिळत नाही.

अखेर त्याने एक कळ दाबली. पडद्यावर प्रश्न आला. त्याने ती पुन्हा दाबली.

"पुसलं," तो म्हणाला.

बत्ता फिरत राहिला.

"वाईट केलं मी. आणि विसरलात म्हणालो, तेही, खोटं आहे हे माहीत असून." त्याने वही मिटली आणि तक्त्याची गुंडाळी केली. "उद्या निघतो, आखू. रकाना रिकामा आहे, एवढंच लिहीन. का रिकामा, ते लिहिणार नाही."

तो उठू लागला.

"एक विचारू?" आखू म्हणाले. "तीन दिवस तू त्या तुळईकडे पाठ करून बसतोस. का?"

सालेह अडखळला. खोलीच्या त्या बाजूला तुळईवर एक खुंटी होती आणि खुंटीला लाल कापडात गुंडाळलेले काहीतरी टांगलेले होते. पहिल्या दिवशी घरातल्या वस्तूंची नावे विचारताना त्याने तिकडेही बोट केले होते. 'ते आमचं नाही,' एवढेच आखू म्हणाले होते. नमाजासाठी ल्हामोने झाडून दिलेला कोपराही सालेहने बदलून घेतला होता; ते कापड समोर येऊ नये म्हणून.

"मला वाटलं, देवाचं आहे," तो म्हणाला. "तुमच्या देवाचं. अनादर करायचा नव्हता... पण समोर बसणंही मला..."

"देवाचं," आखू म्हणाले. त्यांनी ल्हामोकडे पाहिले. या वेळी ती हसली नाही.

आखू स्टुलावर चढले. सालेह आधार द्यायला पुढे झाला, तर त्यांनी हाताने त्याला थांबवले. गाठोडे खाली आले. गाठ सोडायला वेळ लागला.

आत तांब्याची किटली होती.

किटलीबरोबर दोन पांढरे वाडगे, एकात एक बसवलेले. किटलीच्या आतली कल्हई इतकी स्वच्छ होती, की खिडकीचा चौकोन तिच्यात दिसत होता.

"हिच्यात डुकराची चरबी कधी गेलेली नाही," आखू म्हणाले. "आमच्या चुलीवर ही कधी चढली नाही. आमच्यापैकी कोणी हिच्यातून प्यायलेलं नाही. दर नव्या वर्षाला उतरवतो, घासतो, परत टांगतो. कल्हई करायची झाली की बाजारातल्या मुसलमान कल्हईवाल्याकडे नेतो. पूर्वी बाजारात कल्हईवाला नव्हता, तेव्हा माझे आजोबा दोन दिवस चालत जायचे."

सालेहने किटलीला हात लावला नाही. तो वाकून पाहत राहिला. पाहण्याची त्याची सवय अभ्यासकाची होती आणि या क्षणीही ती सुटली नाही.

"हे बूड नवं आहे," तो म्हणाला.

"आजोबांच्या वेळी मूळचं झिजलं. हे त्यांनी बसवलं."

"तोटीचं तांबं वेगळं दिसतं."

"वडिलांनी बदलली."

"आणि कडी?"

"मी."

"झाकण माझं," ल्हामो म्हणाली. "म्हणजे मी आणलेलं. जुनं एका पावसाळ्यात उंदरांनी पाडलं आणि चेपलं."

"पोट?"

"पोटाला दोन ठिगळं होती. तिसरं बसेना, म्हणून पोटही बदललं."

सालेह सरळ झाला. त्याच्या चेहऱ्यावर काही क्षण जुना सालेह परत आला.

"मग मूळचं काय उरलं, आखू?"

हा प्रश्न आखूंनी गांभीर्याने घेतला. त्यांनी किटली वर उचलली, उलटी केली, तोटीत डोळा लावून पाहिले. मग तुळईकडे पाहिले.

"खुंटी," ते म्हणाले. "खुंटी मूळची आहे."



मग ल्हामो उठली. सूप बाजूला ठेवून तिने अंगणातल्या नळाकडे बोट केले. "हात धू आणि तूच भर. आम्ही यात हात घालत नाही. लहान शेगडी बाहेर ठेवली आहे, ती तुझ्यासाठीच. चहाची पत्ती बाजारातल्या तुझ्या खानावळीतूनच आणली आहे. तू आलास त्याच दिवशी."

"तीन दिवस आधी?"

"तू मागितलाच नाहीस, भाऊ. टांगलेलं खाली उतरवायचं, तर कोणीतरी तहान लागली असं म्हणायला तर हवं ना."

सालेह किटली घेऊन अंगणात गेला. तिला त्याने दोन्ही हातांनी धरले होते. तिच्या आकाराच्या मानाने ती हलकी होती, असे त्याच्या टिपणांत आहे. या दिवसाविषयीचे त्याचे हे एकमेव टिपण.

पाणी उकळायला वेळ लागला. तेवढ्या वेळात आखूंनी निळ्या रंगाचा खल झाकून ठेवला, हात धुतले आणि भिंतीवरची चांगली टोपी घातली.

सालेहने एक वाडगा भरला. दुसरा रिकामा होता.

"हा कोणासाठी?"

"तुमच्यापैकी किती जण परत येतील, ते कोणाला ठाऊक होतं?"

सालेहने दुसरा वाडगा पुसला. "तुम्ही घ्या."

"मी यातून कधी प्यायलेलो नाही."

"माहीत आहे."

आखूंनी थोडा विचार केला. "तू ओतलास तर घेईन."

सालेहने ओतला. म्हाताऱ्याने वाडगा दोन्ही तळव्यांत धरला. दोघे प्यायले. चहा कडक झाला होता, तिकडच्या रीतीने घातलेले मीठ जरा जास्त पडले होते.  सालेहने आपला वाडगा पुन्हा भरून घेतला आणि मग आणखी एकदा.

ऊन अंगणातून भिंतीवर चढले.

सालेहने वही उघडली. एक रकाना भरलेला. एक रिकामा. वर दोन मथळे, त्याच्याच अक्षरांत, पट्टीने अधोरेखित केलेले.

"आखू," तो हळूच म्हणाला. "हे मथळे... ही नावं बरोबर आहेत का?"

आखूंनी वहीकडे पाहिले नाही. रिकामा वाडगा त्यांनी किटलीजवळ ठेवला.

"लाव तुझं यंत्र," ते म्हणाले. चिनीत.

सालेहला वाटले, आपण नीट ऐकले नाही.

"लाव. आता डोळा उघडा असला तरी चालेल."

त्याने यंत्र दोघांच्या मध्ये ठेवले. लाल दिवा लागला. काय विचारावे, हे त्याला सुचेना. दोनशे शब्दांतला पहिला शब्दही आठवेना.

आखूंनी टोपी सारखी केली. यंत्राकडे त्यांनी एकदाही पाहिले नाही. ते सालेहकडे पाहत होते, दारातून नुकत्याच आत आलेल्या माणसाकडे पाहावे तसे. आणि मग ते घरच्या भाषेत बोलले, सावकाश, नेहमीच्या आवाजात.

"ये रे, बस. फार उशीर केलास."